कॅमेरा क्लबात पाहुणा वक्ता बोलावताना: विषय ठरवण्यापासून पडदा गुंडाळेपर्यंत

रविवारची सकाळ, चाळीस खुर्च्या, पडद्यावर दीडशे देखणी छायाचित्रं, शेवटी टाळ्या आणि चहा. पंधरा दिवसांनी सभासदांना विचारा की त्या दिवशी काय शिकलात, तर उत्तर येतं, "फोटो फार सुंदर होते." क्लबांमधली बरीच व्याख्यानं इथेच संपतात, आणि त्याचा दोष वक्त्याकडे क्वचितच असतो. त्याला "या आणि तुमचं काम दाखवा" एवढंच सांगितलेलं असतं. मग तो निवडक काम घेऊन येतो, जे त्याच्या प्रदर्शनात किंवा इन्स्टाग्रामवर सगळ्यांनी आधीच पाहिलेलं असतं.

तीस ते साठ सभासद, महिन्यातून एक सभा, भाड्याचं किंवा शाळेचं सभागृह आणि बेताचा निधी असलेल्या क्लबासाठी हा लेख लिहिला आहे. महाराष्ट्रातल्या जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांतले क्लब साधारण असेच असतात.

विषय आधी, माणूस नंतर

"वन्यजीव छायाचित्रण" हा विषय नव्हे, ते एक खातं आहे. "भिगवणला बोटीतून रोहित (फ्लेमिंगो) टिपताना पाण्याच्या पातळीवरून कोन कसा मिळवायचा" हा विषय आहे. तसंच "पोर्ट्रेट" म्हणण्यापेक्षा "घरातल्या एका खिडकीच्या उजेडात आजीचं पोर्ट्रेट" म्हणा. विषय अरुंद असला की वक्त्याला तयारी करणं सोपं जातं आणि ऐकणाऱ्याला घरी जाऊन तेच करून पाहता येतं. कागदावर एक वाक्य लिहा: "या सभेनंतर सभासदाला अमुक एक गोष्ट स्वतः करता यायला हवी." वाक्य पुरं होत नसेल, तर विषय अजून ठरलेला नाही.

विषय हंगामाच्या तीन-चार आठवडे आधी ठेवा. हंगाम संपल्यावर झालेलं उत्तम व्याख्यानही वर्षभर पडून राहतं. भंडारदरा-पुरुषवाडी भागात काजवे मे अखेरीपासून दिसू लागतात, म्हणून ट्रायपॉडवर २०-३० सेकंदांची अनेक एक्स्पोजर घेऊन ती एकावर एक कशी रचायची, हे मेच्या पहिल्या आठवड्यात शिकवायला हवं. त्याच सभेत टॉर्च आणि फ्लॅश वापरू नका, झुडपांत शिरू नका, हेही सांगायला हवं. पालख्या ज्येष्ठ वद्य सप्तमी-अष्टमीला देहू-आळंदीहून निघतात, तेव्हा वारीचं व्याख्यान त्याच्या महिनाभर आधी. पावसात कॅमेरा कसा झाकायचा, रिंगणाच्या गर्दीत कुठे उभं राहायचं, कुणाच्या तोंडासमोर लेन्स नेण्यापूर्वी काय बोलायचं, हे आयत्या वेळी शिकता येत नाही. कासच्या फुलांचं व्याख्यान ऑगस्टमध्ये, उजनीच्या पक्ष्यांचं नोव्हेंबरमध्ये. ताडोब्याचं कोअर क्षेत्र पावसाळ्यात बंद असतं. तो काळ व्याघ्र छायाचित्रणापेक्षा संपादन, प्रिंट आणि मॅक्रोसाठी वापरा.

गणेशोत्सव, दिवाळीचा आठवडा आणि मार्चमधल्या परीक्षा यांत बाहेरचा वक्ता बोलावू नका. दहा माणसांसमोर बोलून गेलेला वक्ता पुन्हा येताना विचार करतो.

कुणाला बोलवायचं

नामवंतांच्या मागे धावण्याआधी गावातच बघा. प्रिंटिंग लॅबमध्ये रोज शेकडो फायली हाताळणारा कारागीर हा कोणत्याही क्लबाला मिळू शकणारा फार मोलाचा वक्ता आहे, आणि त्याला सहसा कुणीच बोलावत नाही. काळपट प्रिंट का येते, त्वचा लालसर का दिसते, तुमच्या मॉनिटरचा ब्राइटनेस पूर्ण ठेवल्याने काय बिघडतं, हे त्याच्याइतकं दुसऱ्याला ठाऊक नसतं. कॅमेरा दुरुस्त करणारा तंत्रज्ञ बुरशी लागलेली लेन्स समोर ठेवून पावसाळ्यातली साठवण शिकवू शकतो: हवाबंद डबा, आत सिलिका जेल, आर्द्रतामापक, आणि काटा ४०-५० टक्क्यांच्या दरम्यान. वृत्तपत्राचा छायाचित्रकार एका प्रसंगाची पाच छायाचित्रांत गोष्ट कशी बांधायची ते दाखवतो. आणि वक्ता छायाचित्रकारच असावा असंही नाही. पक्ष्यांचा अभ्यासक, जुन्या वाड्यांची माहिती असलेला वास्तुविशारद, रंगभूमीवर प्रकाशयोजना करणारी व्यक्ती, कॉपीराइट समजावणारा वकील, हे सगळे चालतात.

बाहेरच्या वक्त्यांसाठी फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफीशी जोडलेले आसपासचे क्लब विचारात घ्या. ही संघटना १९५३ पासून आहे. मुंबईत १९३७ पासून चालत आलेली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया आहे. दुसऱ्या क्लबाच्या सचिवाला एकच प्रश्न विचारा: "त्यांनी शिकवलं का, की नुसतं दाखवलं?" त्या उत्तरावर निर्णय घ्या.

कॅमेरा कंपनीने प्रायोजित केलेला वक्ता फुकट मिळतो. घ्यायला हरकत नाही, पण आधी स्पष्ट ठरवा की उत्पादनावर शेवटची पाच मिनिटं, त्याआधी नाही. हे आधी बोललं नाही, तर दोन तास लेन्सच्या जाहिरातीत जातात आणि मध्ये थांबवणं दोघांनाही अवघड होतं.

आमंत्रणाचा मजकूर

सहा ते आठ आठवडे आधी फोन करा आणि त्याच दिवशी लेखी निरोप पाठवा. फोनवर ठरलेलं महिन्याभरात दोन्ही बाजूंना वेगवेगळं आठवतं. निरोप साधारण असा असावा:

"नमस्कार ताई. आमच्या क्लबाची मासिक सभा दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी १० ते १२.३० असते. साधारण ४० सभासद येतात. निम्म्यांकडे किट लेन्स आहे, आठ-दहा जण फक्त मोबाइलवर काम करतात. 'खिडकीच्या उजेडातलं पोर्ट्रेट' या विषयावर आपण बोलावं अशी विनंती आहे. बोलणं ६० मिनिटं, मग चहा, मग सभासदांच्या २० छायाचित्रांवर आपलं मत. निवडलेल्या प्रत्येक छायाचित्राबरोबर त्याच्या आधी-नंतरच्या, न जमलेल्या फ्रेमही दाखवाल का? मानधन अमुक रुपये आणि प्रवासखर्च वेगळा, दोन्ही त्याच दिवशी. रेकॉर्डिंग तुमच्या परवानगीनेच, आणि नको असेल तर अजिबात नाही."

यातलं न जमलेल्या फ्रेमबद्दलचं वाक्य सर्वात महत्त्वाचं. खिडकीजवळ बसलेल्या आजीचं एक उत्कृष्ट छायाचित्र पाहून सभासद "वा" म्हणतो. त्याआधीच्या अकरा फ्रेम पाहिल्या की त्याला दिसतं: पहिल्या चारात खिडकी पाठीमागे असल्याने चेहरा काळवंडला, पाचवीत आजींना नव्वद अंश वळवल्यावर अर्धा चेहरा उजळला, सातवीत समोर पांढरी उशी धरल्यावर सावलीतला डोळा दिसू लागला, नववीत कडेचा निळा प्लॅस्टिकचा डबा हलवला, आणि बारावीत आजी कुणाकडे तरी बघून हसल्या. तिथे हुन्नर उघडा पडतो. बहुतेक वक्ते आनंदाने तयार होतात; फक्त त्या फ्रेम हार्ड डिस्कमधून शोधायला त्यांना वेळ लागतो, म्हणून सहा आठवडे.

मानधनाचा आकडा आधी सांगा. "तुमचं काय ते सांगा" म्हटलं की वक्ता संकोचतो, आणि संकोचून फुकट आलेला माणूस दुसऱ्यांदा येत नाही. निधी कमी असेल तर वर्षाला बारा व्याख्यानांऐवजी पाच ठेवा आणि बाकीच्या सभा सभासदांनी चालवा. समजा सभागृहाचे २,००० रुपये आणि ४० जणांच्या चहा-नाश्त्याचे १,६०० जात असतील, तर हाराफुलांवर १,२०० घालवण्याऐवजी ते मानधनात मिळवा. शाल-श्रीफळ द्यायचं असेल तर जरूर द्या, पण ते मानधनाच्या जागी नको.

पुण्यात कार्यक्रम आणि वक्ता मुंबईचा असेल, तर रविवारी संध्याकाळची वेळ टाळा. सुट्टीहून मुंबईकडे परतणाऱ्या गाड्यांनी द्रुतगती मार्ग भरलेला असतो आणि वक्त्याचं अर्धं लक्ष घड्याळाकडे राहतं. सकाळी दहाची वेळ बरी.

फायली कशा मागवायच्या

एक आठवडा आधी वक्त्याला हे चार मुद्दे पाठवा.

१. छायाचित्रं जेपेग, एसआरजीबी रंगजागेत, रुंदी १९२० आणि उंची १०८० पिक्सेलच्या चौकटीत बसणारी. अ‍ॅडोबी आरजीबीतली फाइल रंगव्यवस्थापन न करणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडली की रंग फिके पडतात, आणि वक्त्याला वाटतं प्रोजेक्टर खराब आहे.

२. फायलींची नावं ०१, ०२, ०३ अशी. १, २, ३ अशी ठेवली तर काही प्रोग्राम आणि टीव्ही त्या १, १०, ११, २ अशा क्रमाने लावतात आणि भाषणाची गोष्टच उलटीपालटी होते.

३. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायच्या असतील तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून. नाहीतर छायाचित्र लहान होऊन दाबलं जातं आणि मोठ्या पडद्यावर आकाशात पट्टे दिसतात.

४. स्लाइडवर मराठी मजकूर असेल तर मूळ फाइलबरोबर पीडीएफही. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नसला की वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात. व्हिडिओ असेल तर तो वेगळ्या फाइलमध्ये, कारण पीडीएफमध्ये तो चालेलच याची खात्री नाही.

प्रत्येक छायाचित्राखाली बारीक अक्षरांत शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ आणि फोकल लेंग्थ टाकायला सांगा, आणि त्याबरोबर दिवसाची वेळही. "सकाळी ६.५०, ढगाळ" ही माहिती "एफ ५.६" पेक्षा जास्त कामाची असते. शिवाय प्रश्नोत्तरांतली पंधरा मिनिटं "सर, सेटिंग काय होतं?" यात जात नाहीत.

छायाचित्रं किती? साठ मिनिटांना तीस ते चाळीस. दीडशे म्हणजे दर छायाचित्राला चोवीस सेकंद, आणि त्यात न जमलेल्या फ्रेमना जागाच नाही.

पडदा आणि प्रोजेक्टर

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त बिघाड इथे होतो आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक आधी टाळता येतो. वक्त्याने वर्षानुवर्षं राखलेला सावलीतला तपशील पडद्यावर काळ्या डागासारखा दिसला, तर त्याच्या बोलण्याला अर्थ उरत नाही.

चाळीस माणसांना सहा फूट रुंद पडदा पुरतो, शेवटची रांग वीस-चोवीस फुटांच्या आत असेल तर. सभागृह नीट अंधारलेलं असेल तर ३,००० ते ३,५०० ल्युमेनचा फुल एचडी प्रोजेक्टर पुरेसा आहे. भाड्याने घेताना "किती ल्युमेन" इतकंच विचारून थांबू नका. शाळा-कार्यालयांत असलेले स्वस्त डीएलपी प्रोजेक्टर बरेचदा पांढरा प्रकाश भरपूर देतात पण रंगांचा कमी. तक्ते स्वच्छ दिसतात, शेवंती मात्र मातकट होते. तीन एलसीडी पॅनेलचा प्रोजेक्टर मिळाला तर छायाचित्रांसाठी तो घ्या. रिझोल्युशनही विचारा, कारण १०२४ × ७६८ चे जुने प्रोजेक्टर अजून फिरत असतात आणि त्यावर पक्ष्याच्या पिसांची खळ होते.

अंतराचं गणित सोपं आहे. माहितीपत्रकात थ्रो रेशो, म्हणजे पडद्यापर्यंतचं अंतर भागिले चित्राची रुंदी, दिलेला असतो. तो १.५ असेल तर सहा फूट रुंद चित्रासाठी लेन्स पडद्यापासून नऊ फुटांवर. प्रोजेक्टर पडद्याच्या मध्याशी सरळ ठेवा. तिरका ठेवून कीस्टोनने चौकोन सरळ केला, तर चित्र पिक्सेलमध्ये दाबून-ताणून बसवलं जातं आणि धार जाते. दोन पुस्तकं खाली ठेवून उंची साधणं केव्हाही बरं.

क्रीम रंगाच्या भिंतीवर कधीही दाखवू नका. सगळे पांढरे रंग पिवळे पडतात आणि त्वचा कावीळ झाल्यासारखी दिसते. चादरीतून प्रकाश मागे निघून जातो. पडदा नसेलच तर मॅट पांढरा रंग दिलेला प्लायवूड सर्वात खात्रीचा. तिपाईवरचा पडदा पंख्याखाली ठेवू नका. पडदा हलकासा डोलतो, चित्र मऊ दिसतं आणि लोक प्रोजेक्टरचा फोकस फिरवत बसतात. पडद्याच्या जवळचा पंखा बंद, बाकीचे चालू.

तपासणीसाठी एक फाइल कायमची बनवून ठेवा. १९२० × १०८० ची रिकामी चौकट घ्या आणि तिच्यात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत बारा उभ्या पट्ट्या भरा. पहिल्या तीन ०, १० आणि २० मूल्याच्या, शेवटच्या तीन २३५, २४५ आणि २५५ च्या, मधल्या समान अंतराने. शेजारच्या फ्रेममध्ये एक उजळ आणि एक सावळ्या त्वचेचा चेहरा. सभेआधी तासभर हे करा:

प्रोजेक्टर चालू करून पंधरा मिनिटं तापू द्या. त्याआधी दिव्याचा रंग स्थिर नसतो. पिक्चर मोड "डायनॅमिक" किंवा "व्हिव्हिड" वरून काढून "सिनेमा", "स्टँडर्ड" किंवा असेल तर "एसआरजीबी" वर आणा. पट्ट्यांची फाइल लावा. डावीकडच्या पहिल्या तीन पट्ट्या एकच काळा ठोकळा दिसत असतील तर ब्राइटनेस थोडा वाढवा. उजवीकडच्या तीन पट्ट्या एकच पांढऱ्या दिसत असतील तर कॉन्ट्रास्ट कमी करा. करड्या पट्ट्यांत हिरवी किंवा निळी झाक असेल तर कलर टेंपरेचर बदला. मग चेहरे पाहा. यात दहा मिनिटं जातात.

तरीही पहिल्या तीन पट्ट्या वेगळ्या होत नसतील, तर दोष बहुधा सभागृहातल्या उजेडाचा आहे. वरच्या झडपांना काळा कागद चिकटवा आणि दाराला जाड पडदा लावा.

लॅपटॉप, तार, आवाज, वीज

वक्त्याचा लॅपटॉप वापरा, पण क्लबाच्या लॅपटॉपवर सगळ्या फायली उतरवून ठेवा. पेनड्राइव्हवरून थेट दाखवणं टाळा, कारण मोठ्या फायली अडखळतात. स्क्रीनचे रंग बदलणारे नाइट लाइट, ट्रू टोन आणि एचडीआर बंद. स्क्रीन झोपण्याची वेळ "कधीच नाही". व्हॉट्सअ‍ॅप वेबमधून बाहेर पडा आणि सूचना थांबवा, नाहीतर घरचा निरोप पडद्यावर चाळीस जण वाचतात.

क्लबाच्या पेटीत कायम असावं असं सामान: दहा मीटरची एचडीएमआय तार आणि एक सुटी दोन मीटरची, यूएसबी-सी ते एचडीएमआय अ‍ॅडाप्टर, व्हीजीए अ‍ॅडाप्टर, स्लाइड पुढे न्यायचा रिमोट, दोन एक्स्टेन्शन बोर्ड, तीन पिनचं अ‍ॅडाप्टर, गॅफर टेप, माइकसाठी चार जास्तीचे सेल, एक टॉर्च. साधी एचडीएमआय तार पंधरा मीटरच्या पुढे गेली की चित्र लुकलुकतं किंवा येतच नाही. तार जमिनीला टेपने चिकटवा. चहाच्या वेळी तिच्यात पाय अडकून लॅपटॉप खाली येतो तो याच कारणाने.

पंखे चालू असलेल्या सभागृहात चाळीस माणसांनाही माइक लागतो. कॉलर माइक हनुवटीपासून वीतभर खाली, आणि ओढणी किंवा शाल त्यावर घासणार नाही अशी. स्पीकरचे डबे वक्त्याच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून; डबे मागे असले की माइक त्यांचाच आवाज पुन्हा उचलतो आणि शिट्टी सुरू होते. शिट्टी आली तर आवाज कमी करण्याआधी वक्त्याला दोन पावलं बाजूला घ्या.

वीज गेली तर काय, हे आधी ठरवा. लॅपटॉपच्या बॅटरीवर बोलणं चालू राहतं, प्रोजेक्टर मात्र साध्या घरगुती यूपीएसवर फार टिकत नाही आणि दिवा गरम असताना बंद पडणं त्याला वाईट. म्हणून वक्त्याच्या दहा-बारा प्रिंट मागवून ठेवा. वीज गेली तर खिडकीशी टेबल न्या आणि प्रिंटवर बोला.

खरं तर प्रिंट वीज असतानाही हव्यात. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते; तेव्हा छायाचित्र म्हणजे हातात धरायचा कागदच होता. १२ × १८ इंची प्रिंट हातात आली की सभासद नाक लावून पाहतो, आणि धार कुठे सुटली ते त्याला कुणी सांगावं लागत नाही. प्रिंट पिवळ्या बल्बखाली मांडू नका. पाच हजार केल्व्हिनच्या आसपासचा एलईडी किंवा उत्तरेकडच्या खिडकीचा उजेड घ्या.

सभेचा वेळ

दहाची सभा दहा वाजून पाच मिनिटांनी सुरू करा. प्रास्ताविक आणि परिचय मिळून पाच मिनिटं. परिचय करून देणाऱ्याने पुरस्कारांची यादी वाचू नये. वक्त्याचं एक काम आणि आजचा विषय याच माणसाकडून का ऐकायचा, एवढं सांगावं. दीपप्रज्वलन आणि सत्कार हवेच असतील तर एकत्र उरका. वक्ता १०.१५ ला बोलायला उभा राहिला पाहिजे. ११.१५ ला चहा, ११.३५ पासून सभासदांची छायाचित्रं, आणि १२.२५ ला आभार.

एका सभासदाकडे फक्त वेळेचं काम द्या. तो पहिल्या रांगेत बसतो, दहा मिनिटं उरली की पिवळं कार्ड दाखवतो. वक्त्याला हे आधी सांगितलेलं असावं.

प्रश्न पहिल्यांदा कुणी विचारत नाही, म्हणून दोन सभासदांना आधीच प्रश्न तयार ठेवायला सांगा. चिठ्ठ्यांची पद्धतही चांगली, विशेषतः नवे सभासद आणि लाजणाऱ्यांसाठी. प्रश्नाच्या नावाखाली स्वतःचं भाषण सुरू करणारा एखादा सगळीकडे असतो. सूत्रसंचालकाने "आपला प्रश्न एका वाक्यात सांगा" असं नम्रपणे म्हणावं, आणि प्रश्न माइकवर पुन्हा उच्चारावा, कारण मागच्या रांगेला तो ऐकू आलेला नसतो.

सभासदांच्या छायाचित्रांवर मत

शिकण्याच्या दृष्टीने हा भाग व्याख्यानापेक्षाही वजनदार, आणि बिघडायलाही तितकाच सोपा. एका सभासदाची एकच फाइल, बुधवारपर्यंत, आणि जास्त आल्या तर आधी आलेल्या वीस. फाइलला फक्त क्रमांक; नाव नाही, छायाचित्रावर उमटवलेली सही नाही. वीस छायाचित्रांना अडीच मिनिटं म्हणजे पन्नास मिनिटं. यादी गुरुवारी वक्त्याला पाठवा. तयारीशिवाय दिलेलं मत "छान आहे, थोडं क्रॉप करा" इथेच थांबतं.

प्रत्येक छायाचित्र आधी दहा सेकंद कुणीही न बोलता पाहायचं. मग वक्त्याने तीन गोष्टी याच क्रमाने सांगाव्यात अशी विनंती करा: नजर पहिल्यांदा कुठे जाते, कडांना काय चाललं आहे, आणि उजेड कुठून येतो. तंत्राचे दोष शेवटी. ज्याचं छायाचित्र आहे त्याने मध्ये खुलासा करायचा नाही. "तिथे मागे जायला जागाच नव्हती" हे खरं असलं तरी पाहणाऱ्याला ते दिसत नाही. आडवी छायाचित्रं मोठी आणि उभी लहान दिसतात हेही लक्षात ठेवा: सहा फुटी पडद्यावर उभं छायाचित्र जेमतेम सव्वादोन फूट रुंद येतं, त्यामुळे त्यातल्या बारीक तपशिलावर कडक मत देण्याआधी ते मोठं करून पाहावं.

प्रात्यक्षिक असेल तर

स्टुडिओ लाइटचं प्रात्यक्षिक म्हटलं की सभासद आपापले कॅमेरे घेऊन येतात आणि अर्ध्यांचा ट्रिगर (कॅमेऱ्यावरून लाइट पेटवणारं यंत्र) चालत नाही. सोनीच्या जुन्या कॅमेऱ्यांचा शू, म्हणजे कॅमेऱ्याच्या माथ्यावरची फ्लॅश बसवायची खाच, वेगळा असतो. कॅननच्या १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क २ मध्ये शूच्या मधली पिनच नाही, त्यामुळे साधा रेडिओ ट्रिगर पेटत नाही; त्यांना कॅननसाठीच बनवलेला ट्रिगर लागतो. सभासदांचे कॅमेरे कोणते, याची यादी आधी वक्त्याला द्या. शटर १/१६० वर ठेवा. सिंक गतीच्या (फ्लॅशबरोबर चालणाऱ्या सर्वात जलद शटरच्या) पुढे गेलं की चित्रात काळी पट्टी येते, आणि नवख्याला वाटतं लाइट बिघडला.

प्रात्यक्षिक शेवटच्या रांगेला दिसावं म्हणून वक्त्याच्या कॅमेऱ्याचं एचडीएमआय प्रोजेक्टरला जोडा. बऱ्याच कॅमेऱ्यांना मिनी किंवा मायक्रो एचडीएमआयची तार लागते; कोणती ते आधी विचारून आणा. मॉडेल म्हणून बसणाऱ्या व्यक्तीला छायाचित्रं कुठे वापरली जातील ते आधी सांगा आणि लेखी संमती घ्या. एका वेळी सहाच जणांनी टिपायचं, बाकीच्यांनी बघायचं. चाळीस लेन्स एकाच चेहऱ्यावर रोखणं त्या व्यक्तीला जाचक होतं.

हक्क आणि ठिकाणं

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा कर्ता ते टिपणारा असतो, आणि त्याच्या हयातीत व मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं संरक्षण असतं. क्लबाने वक्त्याच्या फायली सभेनंतर पुसून टाकाव्यात आणि तसं त्याला कळवावं. पडद्याचे मोबाइलवर फोटो काढून ग्रुपवर टाकायचे नाहीत, हे सुरुवातीलाच सांगा. अर्ध्या वेळी ते केवळ माहीत नसल्यामुळे घडतं.

घुबडाची ढोली, दुर्मीळ ऑर्किड, घरट्यातली पिल्लं यांची नेमकी जागा सभेत विचारू नका आणि वक्त्यानेही सांगू नये. रविवारी सांगितलेल्या जागेवर पुढच्या शनिवारी वीस गाड्या उभ्या राहतात. अशा फायली पुढे देताना त्यांतली जीपीएस नोंद काढून टाका.

दूरचा वक्ता, ऑनलाइन

न्यू जर्सी किंवा लंडनमधला मराठी छायाचित्रकार ऑनलाइन बोलायला तयार असेल तर सकाळची वेळ सोडा. भारतात संध्याकाळी ७ वाजतात तेव्हा न्यू जर्सीत हिवाळ्यात सकाळचे ८.३० आणि उन्हाळ्यात ९.३० असतात, लंडनमध्ये दुपारचे दीड किंवा अडीच. झूमवर पडदा दाखवताना व्हिडिओसाठीचा ऑप्टिमाइझ पर्याय बंद ठेवायला सांगा, तो स्थिर छायाचित्रांची धार कमी करतो. त्याहून खात्रीचं म्हणजे फायली आधी मागवून इथल्या लॅपटॉपवरून दाखवणं आणि वक्त्याचा फक्त आवाज घेणं. "पुढचं" म्हटलं की इथला सभासद बटण दाबतो.

सभेनंतर

दोन दिवसांत एका पानाची टिपणं सगळ्यांना पाठवा: विषय, पाच-सात मुद्दे, सेटिंग, आणि गृहपाठ. गृहपाठ म्हणजे पुढच्या सभेपर्यंत त्याच विषयावर तीन छायाचित्रं, न जमलेल्या फ्रेमसकट. पुढच्या सभेची पहिली वीस मिनिटं त्यांना द्या. गृहपाठ नसेल तर व्याख्यान ऐकलेलं राहतं, केलेलं होत नाही.

क्लबाची एक वही ठेवा. तारीख, विषय, हजेरी, प्रोजेक्टरचा मोड, कोणती तार अपुरी पडली, किती वाजता सुरू झालं, मानधन किती दिलं. सचिव बदलला की ही वहीच पुढच्याला कामी येते.

आणि महिन्याभराने, गृहपाठातली दोन चांगली छायाचित्रं, ती टिपणाऱ्यांना विचारून, वक्त्याला पाठवा: "ताई, तुमच्या सभेनंतर आमच्या एका सभासदाने घरच्या खिडकीत हे टिपलं, समोर पांढरी उशी धरून."